कावळेटोक

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या त्या अकरा घरांच्या वस्तीत, मासे कुठं लागतात हे कुणी सख्ख्या भावालाही सांगत नसे. त्यामुळे पर्यटन खात्याची बाई माहितीपत्रकासाठी 'गळ टाकायला उत्तम जागा' विचारत आली, तेव्हा पेट्रोलपंपवाल्या क्लाइव्हला घामच फुटला. चाळीस वर्षं जपलेली त्याची खाडी आता कॅरॅव्हॅनवाले शहरी लोक लुटणार होते.

"कावळेटोकाला जा, बाई," त्यानं बेधडक ठोकून दिलं. "तिथं मासे आपणहून बादलीत उड्या मारतात." खरं तर त्याच्या माहितीप्रमाणे त्या उजाड खडकांकडे कुणी फिरकतही नसे.

बाकीच्या दहा घरांनीही आपापली जागा वाचवायला नेमकं तेच नाव सांगितलं. महिन्याभरात पत्रक छापून आलं: 'कावळेटोक, गावकऱ्यांची एकमुखी पसंती!'

क्लाइव्हनं ते हसत हसत बायकोपुढं टाकलं. "बघ नोरीन, कशी टोपी घातली सगळ्यांनी! आपली खाडी वाचली."

नोरीननं पत्रक वाचलं आणि कपाळावर हात मारला.



"अरे गाढवा, वीस वर्षं दर बुधवारी चर्च झाडायला जाते असं सांगून मी त्या कावळेटोकावरच तर गळ टाकून बसते!"