बारीक आवाज

बासरी हातात आली आणि गुलाबचंदांना घाम फुटला.

धरमपेठेतल्या त्या वाद्यसंग्रहालयात बाकी सगळं काचेआड होतं. शेवटच्या खोलीत मात्र वाद्यं वाजवून बघायची मुभा होती. तिथली प्रियदर्शनी नावाची मुलगी भारी उत्साही. तिनं गुलाबचंदांची नजर बरोबर हेरली आणि बासरी पुढे केली. "वाजवा नं काकाजी. इथं कोणी रागवत नाही."

रागावण्याची भीती कोणाला होती? गुलाबचंद घाबरत ते हसण्याला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नंदनवनच्या घरी ते बासरी घेऊन बसले, तर मोठे भाऊ रुपराव आतून ओरडले, "मांजरीचा गळा काहून दाबून राहिला बे?" सगळं घर खो खो हसलं. बासरी माळ्यावर गेली.

थोड्याच दिवसांत बायकोनं, कुसुमावतीनं, सांगितलं, "पावरलूमवर काम करू करू त्या खडखडाटानं माझे कान गेले जी. मोठ्यानं बोलत जा. बारीक आवाज तर मले येतच नाही."

गुलाबचंदांना वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. त्याच संध्याकाळी बासरी खाली आली. तेव्हापासून घरात दोघंच असले की ती भाजी निवडे आणि हे वाजवत. तिच्याशी बोलता बोलता त्यांचा आवाज असा चढला, की या घरात रोज भांडण होतं असं शेजारी धरूनच चालले. एवढं सुखाचं चाललेलं असूनही एक हौस मनात राहिली होती. ऐकू येणाऱ्या एखाद्या माणसापुढे एकदा तरी वाजवावं.

ते माणूस आज समोर उभं होतं. गुलाबचंदांनी बासरी ओठांपर्यंत नेली आणि पुन्हा खाली घेतली.

"नाही जमत पोरी," ते अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले. "मी फक्त हिच्यापुढंच वाजवतो. हिले ऐकू येत नाही नं."

कुसुमावती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी उभी राहून एक वीणा न्याहाळत होती. तिनं मान वळवली नाही.

"काल वाजवलं तेच वाजवा," ती म्हणाली. "मधात अडखळता नं, ते वालं. इतके वर्षं ऐकून राहिली मी, अजून मन नाही भरलं."