गोलामागची जागा

"आज आपल्या रांगेनं ओरडायचं नाही," चष्मेवाल्यानं सगळ्यांना बजावलं. "समोरचा गोलकीपर आपल्या प्लंबरचा मुलगा आहे. बाकीच्या स्टँडला काय बोंबलायचं ते बोंबलू दे."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्लंबरनंही डोलावली. ही मंडळी वर्षानुवर्षं याच गोलामागे, याच खुर्च्यांवर बसत आलेली. समोरच्या संघाचा गोलकीपर किक मारायला धावला की अख्ख्या स्टँडनं "ओऽऽऽ" असा सूर लावायचा आणि त्याचा पाय चेंडूला लागला रे लागला की "माठ!" म्हणून ओरडायचं, हा इथला रिवाज. तो कुणी सुरू केला म्हणून विचारलंत, तर रांगेतली सगळी बोटं प्लंबरकडेच वळली असती.

उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि मुलगा त्यांच्या पुढ्यातल्या गोलात येऊन उभा राहिला. पाठमोरा. त्यानं मागे पाहिलं नाही. दाताच्या डॉक्टरकडून सुई टोचून आल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं प्लंबरचं सकाळपासून सगळं अंगच झालं होतं. मुलाचा संघ आज हरला तर लीगच्या खालच्या विभागात जाणार होता. मुलाचा करार संपत आलेला, आणि खाली गेलेला क्लब तिशी उलटलेल्या गोलकीपरला कशाला ठेवून घेतोय? बरोबरी झाली तरी भागणार होतं. प्लंबरच्या लाडक्या क्लबला मात्र आज जिंकून काही मिळणार नव्हतं आणि हरून काही जाणार नव्हतं.

"ओऽऽऽ... माठ!" स्टँड गरजला. एक रांग तेवढी तोंडाला कुलूप लावून बसली होती. चष्मेवाल्यानं तर सवयीचा भरवसा नको म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

मुलगा चांगला खेळत होता. अगदी कोपऱ्यात चाललेला एक फटका त्यानं आडवं झेपावत बाहेर घालवला, तेव्हा चष्मेवाला प्लंबरच्या कानाशी लागला. "बापाचा धंदा चालवतोय बघ. गळती बंद!"

रांगेत खसखस पिकली.

सामना संपत आला आणि घरच्या संघाला कॉर्नर मिळाला. लंबू पुढे आला. लंबू म्हणजे क्लबचा सगळ्यात जुना बचावपटू. इतकी वर्षं खेळून त्यानं एकही गोल केला नव्हता, आणि त्याबद्दल प्लंबर दर सामन्यात त्याचा उद्धार करायचा. दुसऱ्या कुणी केला तर मात्र त्याच्या अंगावर धावून जायचा. चेंडू हवेत आला, गर्दीतून लंबूचं डोकं वर निघालं, आणि मुलाच्या बोटांना घासून चेंडू जाळीत गेला.

स्टँड उसळला. प्लंबरही उसळला. दोन्ही हात वर, घसा फाटेल असा "गोऽऽऽल!"

आवाज बाहेर पडून गेल्यावर त्याला कळलं की डावीकडे कुणी उभं नाही आणि उजवीकडेही नाही. रांग जागच्या जागी बसून होती. चष्मेवाला हात मांड्यांखाली तसेच ठेवून, मान वर करून त्याच्याकडे बघत होता.

मुलगा जाळीतला चेंडू काढायला वळला. वाकला, चेंडू उचलला आणि त्यानं वर पाहिलं. बसलेल्या रांगेत एकच माणूस उभा होता. हात खाली घ्यावेत, एवढंही त्या माणसाला सुचत नव्हतं. मुलानं क्षणभर पाहिलं आणि चेंडू मैदानाच्या मध्याकडे लाथाडला.

"बस," चष्मेवाला त्याची बाही ओढत हळूच म्हणाला. "बस आता खाली."

सामना तिथेच संपला.

पाहुण्या संघाची बस मागच्या फाटकाशी उभी होती. कठड्याला धरून त्यांचे थोडे पाठीराखे थांबले होते, त्यांच्यात जाऊन प्लंबर उभा राहिला. "अरे, मला कळलंच नाही रे" एवढंच वाक्य त्यानं मनाशी जुळवून ठेवलं होतं. आपल्याला लाज वाटायला हवी हे त्याला समजत होतं. ती वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

मुलगा सगळ्यांच्या शेवटी आला. केस ओले, खांद्यावर बॅग. कठड्याशी थांबलेल्या एकेकाचा हात हातात घेत तो पुढे सरकत होता. एक बाई रडत होती, तिच्याशीही तो नीट बोलला. मग तो प्लंबरसमोर आला. प्लंबरनं तोंड उघडलं.

मुलानं त्याचा हात हातात घेतला. बाकीच्यांचा घेतला होता तेवढाच वेळ.

"आल्याबद्दल थँक्यू," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

बस निघून गेली तरी प्लंबर कठडा धरून उभा होता. खिशात फोन वाजला. बायकोचा होता. मुलाचे सामने तिला बघवत नसत. सामना असला की ती घरातला टीव्ही बंद करून बसायची आणि नंतर फोन करायची.

"अहो, हरले ना?"

"हरले."

"भेटला का तो?"

"भेटला."

"काय म्हणाला?"

प्लंबरनं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "थँक्यू म्हणाला. आल्याबद्दल."

पलीकडे तिनं नाक ओढलं.

"बघा," ती म्हणाली. "तुम्ही मागे बसलात की त्याला किती आधार वाटतो."