विल्मॉट साहेबांचा प्रश्न

"नारदाच्या गादीवर उभं राहून थाप मारायची नसते बाबांनो, तेव्हा आजची डाळ कशी झाली होती ते मला विचारू नका," महादूबुवा म्हणाले आणि खोलीभर हशा पिकला. आखातातल्या अल क्वोजच्या मजूर कॅम्पातली शुक्रवारची, सुट्टीची दुपार. गादी म्हणजे घडी घातलेली सोलापुरी चादर. बुवा म्हणजे एरवीचा महादू गवंडी.

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. पेटीवरच्या सोमनाथने उठून बुवांना हार घातला, बुक्का लावला. तेवढ्यात दार ढकलून मॅनेजर आत आला. मागे ऑफिसातला धनंजय आणि विल्मॉट साहेब.

साहेबांना सगळ्यांनीच ओळखलं. अठ्ठ्याण्णव साली ते आले होते तेव्हा विलायतेचे खासदार होते. कंपनी पासपोर्ट दाबून ठेवते, घरी मयत झालं तरी सोडत नाही, हे बुवांनीच त्यांना सांगितलं होतं, दुभाषा धनंजय. साहेबांनी पार्लमेंटात प्रश्न विचारला. पेपरात त्यांचा फोटो आला.

"साहेब आता आपल्या कंपनीचे ॲडव्हायजर आहेत," धनंजय जमिनीकडे बघत मराठीत म्हणाला. "इलेक्शन हरले ना. त्या वेळी ज्यानं सगळं सांगितलं, त्याच्याशी त्यांना हात मिळवायचाय. चेहरा लक्षात नाही म्हणतात. मलाही आठवत नाही, असं मी सांगून ठेवलंय."

मॅनेजर हसत होता. "कौन था भाई? शरमाओ मत."

बुवांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. रजा मंजूर होती, पासपोर्ट अजून मॅनेजरच्या कपाटात होता.

"महादू, तू तो सबको जानता है."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. गळ्यातला हार काढला. चादरीवरून उतरून ते फरशीवर उभे राहिले.

"वो गाव गया, साब," महादू म्हणाला. "कायम का. खलास."

धनंजयने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांचा चेहरा उजळला. ते काहीतरी बोलले आणि महादूचाच हात हातात घेऊन त्यांनी जोरजोरात हलवला.

"म्हणतात, बरं झालं," धनंजय पुटपुटला. "म्हणजे त्यांच्या प्रश्नाचा उपयोग झाला."

पाहुणी मंडळी गेली. दार लागलं. सोमनाथने पेटीवर सूर धरला.

"चला बुवा, आख्यान घ्या."

महादू फरशीवरच उभा होता. कपाळावरचा बुक्का त्याने बाहीने पुसला.

"दुसरं कुणीतरी उभं राहा रे."

सोमनाथ सूर धरून बसला. चादरीवर कुणीच गेलं नाही.