कॉर्ड लावायच्या आधी

गुरुवारची सुट्टी गाठून नवनाथ निगडीच्या दुकानात आला होता. घरी सरावापुरता एक लहान अँप्लिफायर त्याला घ्यायचा होता.

दुकानदाराने तीन अँप समोर मांडले. नवनाथने गिटार मांडीवर घेतली. गिटार अँपला जोडायची कॉर्ड अजून हातातच होती, तोच पहिल्या अँपमधून धून सुरू झाली.

ती सुजितची धून होती. चाकणच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तो ती वाजवायचा.

तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात; दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून ती एकदमच दाबावी लागतात. टार्गेट गाठायला सुपरवायझर नवनाथने त्यातलं एक टेप लावून दाबून ठेवलं आणि सुजितची चार बोटं गेली. मग टेप काढून त्याने रिपोर्टात कामगाराचा निष्काळजीपणा लिहिला आणि नामानिराळा झाला. गावी जाताना सुजित एवढंच म्हणाला होता, "साहेब, तुम्हीपण गिटार वाजवता ना?"

"हा नको, दुसरा लावा," नवनाथ म्हणाला.

दुसऱ्यातून तीच धून निघाली, थांबली होती तिथून पुढे.

"छान वाजवताय की राव."

"मी नाही वाजवत."

दुकानदाराने हसत हसत सगळे प्लग उपसले. धून थांबली. नवनाथ गिटार खाली ठेवायला गेला, तर डावा हात तारांवरून निघेना. टेपने आवळावा तसा तो घट्ट बसला होता.

तेवढ्यात तिन्ही बंद अँपमधून हवेचा लांब फुस्कारा आला. अकरा वर्षं नवनाथ तो रोज ऐकत होता. फुस्कारा संपला की प्रेस खाली येतो.