तिसरा ओरखडा

या वेळी ओरखडा डाव्या दारावर होता. वीतभर लांब, केसाएवढा बारीक, टॉर्च तिरका धरल्याशिवाय न दिसणारा. पॉलिशवाल्याने टॉर्च विझवला आणि पुन्हा लावला. ओरखडा कुठे जाणार होता? त्याने कपाळावर हात मारून घेतला.

ट्रक नवाकोरा होता, गर्द निळा. शोरूममधून थेट त्याच्या शेडमध्ये आलेला. काम होतं दोन दिवसांचं. धुवायचा, मशीनने पॉलिश करायचा, मग रंग जपणारं कोटिंग थेंबाथेंबाने स्पंजवर घेऊन चढवायचं आणि ते सुकेपर्यंत कुणी पत्र्याला बोट लावायचं नाही. आज पाचवा दिवस होता. परवा पुढच्या पत्र्यावर ओरखडा निघाला, काल उजव्या दारावर, आज डाव्या. दर वेळी तेवढा पत्रा पुन्हा घासा, पुन्हा कोटिंग चढवा, पुन्हा एक दिवस सुकत ठेवा. त्याच्या अगदी नाकी नऊ आले होते.

त्याने सगळं करून पाहिलं. जुनी फडकी फेकून नवी आणली. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलं, दाराला प्लॅस्टिकचा पडदा लावला. शेजारच्या गॅरेजचं मांजर पडद्याजवळ दिसलं, तर त्या बिचाऱ्याला नाही नाही ते बोलला. घड्याळ काढून ठेवलं. बक्कल घासत असेल म्हणून कमरेचा पट्टासुद्धा काढला आणि दिवसभर एका हाताने पँट सावरत फिरला.

त्यात मालकाचा तासातासाला फोन. मालक तरुण होता, हा त्याचा पहिलाच ट्रक. आज संध्याकाळी गाडी हवी होती, पहाटे माल भरून तो दीड महिन्याच्या फेरीवर निघणार होता. त्याच्या ओळखीच्या लोकांचे आणखी सहा नवे ट्रक येणार होते, आणि ते या शेडमध्ये यायचे की नाही हे या एका गाडीवर ठरणार होतं. पॉलिशवाल्याला त्या सहा गाड्या हव्या होत्या. रोज एखादी खरचटलेली कार घासून त्याला कंटाळा आला होता.

आणि हे सगळं कमी म्हणून की काय, कोपऱ्यातल्या स्टुलावर मालकाचे वडील बसलेले. पहिल्या दिवसापासून सकाळी यायचे ते शेड बंद होईपर्यंत हलायचे नाहीत. आयुष्यभर लोकांचे ट्रक चालवलेला माणूस. बोलायचे एवढंच, की मिस्त्री, घाई करू नका, काम निवांत होऊ द्या. इतक्या वर्षांत घाई करू नका म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. तेव्हाच खरं त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

दुपारपर्यंत त्याने डावं दार पुन्हा घासून काढलं, कोटिंग चढवलं, मऊ फडक्याने पुसलं. खास दिवे लावून सुकवलं तर संध्याकाळी गाडी देता आली असती. तो जेवायच्या आधी हात धुवायला बाहेर गेला आणि साबण विसरला म्हणून परत फिरला.

पडद्याआडून त्याला दिसलं. म्हातारा ट्रकजवळ उभा होता. त्याने खिशातून किल्ली काढली, शेडच्या दाराकडे पाहिलं आणि ती पत्र्यावरून हलकेच ओढली. मग लेकराला लागल्यावर चोळावं तसा अंगठ्याने तो पत्रा चोळू लागला.

पॉलिशवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने धावत जाऊन म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"काका, पाच दिवस मी इथे येड्यासारखा घासतोय. तुम्हाला झालंय काय?"

म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला नाही. खाली मान घालून तो हळूहळू सांगू लागला. घरात नात आहे, अकरा महिन्यांची. आठवडा झाला, भिंत धरून उभी राहते. काल संध्याकाळी तिने भिंत सोडली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि मटकन बसली. आता आज नाहीतर उद्या.

"तिचा बाप उद्या पहाटे निघाला तर त्याला दिसणार नाही," म्हातारा म्हणाला.

"मग त्याला तसं सांगा ना. माझ्या कामाची का वाट लावता?"

"सांगितलं. हसला. म्हणाला, व्हिडिओ पाठवा." म्हाताऱ्याने किल्ली मुठीत घट्ट धरली. "मी याला पहिल्यांदा चालताना पाहिला तेव्हा हा अंगणात पळत होता. मला बघून आत पळाला आणि आईला म्हणाला, कोणीतरी माणूस आलाय."

पॉलिशवाल्याने त्याचं मनगट सोडलं. राग अजून उतरला नव्हता. पाच दिवसांची मेहनत होती ती, आणि समोरच्या पत्र्यावर चौथा ओरखडा दिव्यात चमकत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मालकच होता.

संध्याकाळी गाडी तयार आहे ना, त्याने विचारलं.

"नाही," पॉलिशवाला म्हणाला. "माझ्याकडून कोटिंग बिघडलंय. सगळं उतरवून पुन्हा करावं लागेल. तीन दिवस लागतील."

पलीकडून बराच वेळ आरडाओरडा चालला. तो ऐकत राहिला. त्या सहाही जणांना आत्ताच फोन करतो, असं मालक म्हणाला. शेवटी त्याने विचारलं, "अहो, तुम्हाला हे काम येतं तरी का?"

पॉलिशवाल्याने समोरच्या निळ्या पत्र्याकडे पाहिलं. त्यात त्याला स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"नाही येत," तो म्हणाला.