तात्यांची माफी

“पुष्पा म्हणते, सकाळच्या भांडणाची माफी मागा, नाहीतर जेवायला बहिणीकडे जा,” तात्यांच्या हातातला फोन खणखणीत आवाजात बोलला आणि अख्खी एसटी वळून बघायला लागली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेकीनं फोन सोपा करून दिला होता. आलेला निरोप तो वाचून दाखवी आणि तात्या बोलतील ते लिहून पाठवी. आवाज कमी कसा करायचा, तेवढं मात्र तात्या विसरले होते.

“मागून टाका की,” कंडक्टर म्हणाला.

पण चाळीस वर्षांच्या संसारात तात्यांनी बायकोची माफी मागितली असेल तर शपथ! त्यांना शब्दच सुचेनात. शेवटी शेजारी बसलेल्या शाळेतल्या बाईंनी कानात एक वाक्य सांगितलं. तात्या लाजत लाजत फोनला म्हणाले, “पुष्पा, चुकलो. तुझ्याशिवाय घराला घरपण नाही गं.”

“निरोप पाठवला,” फोन म्हणाला. एसटीत टाळ्या पडल्या.

लगेच उत्तर आलं. “पुष्पा म्हणते, हे तुमचं डोकं नाही. शेजारी कोण बसलीय?”

“अगं बाई! वहिनी, मी नुसतं यांच्या कानात सांगितलं हो!” बाई घाबरून ओरडल्या.

फोन ऐकतच होता.

“निरोप पाठवला.”