लाल झेंड्यांपलीकडे

"हितनं न्हाई हलायचं आमी," आकाराम म्हणाला. "लेक ओली बाळंतीण हाय. उन्हातानात कुटं न्यायची तिला?"

जतच्या माळावर त्याच्या मेंढरांचा तळ पडला होता, तोही नेमका लाल झेंडे लावून आखलेल्या चाचणीच्या रिंगणात. चाचणी चंद्रावर उतरणाऱ्या यानाची. हेलिकॉप्टर ते वर नेऊन सोडणार, आणि खालची जमीन बघून यान स्वतःच जागा निवडणार. म्हणून तिथं चंद्रावरच्यासारखे खड्डे खणले होते, धोंडे पसरले होते. यानाला टाळायला शिकवलं होतं ते एवढंच.

मागच्या खेपेला यान धोंड्यावर टेकलं, कलंडलं आणि पेटलं. जमीन अजून काळी होती. राजेश्वरीनं, चाचणीच्या प्रमुखानं, आकारामला ती नेऊन दाखवली.

"मामा, मी माधवनगरची. परकी नाही. तुमच्या लेकराबाळांवर असं काही पडलं, तर मी जगायचं कसं?"

म्हाताऱ्यानं वाकून ती काळी माती चिमटीत घेतली. "बरं. पर लांब न्हाई चालवायचं तिला."

राजेश्वरीनं झेंड्यांपलीकडची जागा दिली. त्याच्या लेकीला, मंगलला, आणि तान्ह्याला स्वतःच्या जीपमधून नेलं. मंगलच्या आईनं, हरणाबाईनं, तिथले गोटे वेचले, जमीन झाडून घेतली, लेकीसाठी घोंगडं अंथरलं. मग ती नवऱ्यामागं मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेली.

"आवाज लय होईल," राजेश्वरी मंगलला म्हणाली. "भ्यायचं नाही. आणि इथनं हलायचं नाही."

"न्हाई हलत, ताई."

चाचणीच्या तंबूत राजेश्वरीचा सहकारी शिवतेज पडद्यासमोर बसला होता. "मॅडम, यानाला झेंड्यांची हद्द घालून देऊ?"

"मागं हद्दीपायीच ते धोंड्यावर उतरलं. चंद्रावर कुठले झेंडे? मोकळं सोड. मधली सपाट जागा त्याला सापडेल."

हेलिकॉप्टर घरघरत वर गेलं. यान सुटलं. इंजिनं पेटली, आणि ते हवेत स्थिर झालं.

राजेश्वरी पडद्याजवळ सरकली.

यानानं खड्डे टाळले, धोंडे टाळले. मधल्या जागेवर आलं, थबकलं आणि पुढं सरकलं. त्या मधल्या जागेवर आकारामच्या चुलीचे दगड तसेच राहिले होते.

"कुठं निघालंय हे?" शिवतेज पुटपुटला.

यान झेंडे ओलांडून गेलं, तिथं घिरटी घातली आणि खाली येऊ लागलं.

"बंद करू, मॅडम?"

"नको! बंद केलंस तर आहे तिथंच आदळेल."

पडद्यावर यानाच्या कॅमेऱ्यातलं चित्र मोठं होत गेलं. झाडून घेतलेली जमीन. कडेला रचलेले गोटे. काळं घोंगडं, आणि त्यावर तान्ह्याला पोटाशी धरून निमूट बसलेली मंगल.

चित्राखाली हिरवी अक्षरं उमटली: सुरक्षित जागा सापडली.